ईमानाची कसोटी आणि एक बंद केलेली शाळा

श्रद्धेची परीक्षा संकटात होते, असे आपण नेहमी म्हणतो. आजारपण, दारिद्र्य, जवळच्या माणसाचा मृत्यू, परक्यांकडून होणारा छळ, अशा वेळी जो डगमगत नाही तो खरा ईमानवाला. हे खरेच आहे. पण याहून अवघड अशी एक परीक्षा आहे आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. जुलूम करणारा परका नसतो. तो आपल्याच धर्माचा असतो, आपल्याच ग्रंथातून जुलमाला आधार काढून दाखवतो. अशा वेळी श्रद्धावंताने काय करावे? धर्म सोडावा, गप्प बसावे, की आपल्याच माणसांच्या विरोधात उभे राहावे?

या प्रश्नाचा विचार करताना मला फादर ट्रेव्हर हडलस्टन यांची हकिकत महत्त्वाची वाटते. मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धर्मांतर एवढीच गोष्ट येते. एका मिशनऱ्याची कथा मुस्लिम वाचकांना कशासाठी, असेही कुणाला वाटेल. पण हडलस्टन यांच्यापुढचा प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचा नव्हता.

हडलस्टन यांचा जन्म 1913 साली इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून ते पाद्री झाले आणि पुढे ‘कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन’ या संन्यासी संघात दाखल झाले. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशा तीन शपथा त्यांनी घेतल्या होत्या. 1943 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, संघाने त्यांना दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोफियाटाउन वस्तीत पाठवले. दाटीवाटीची, गरीब, गुन्हेगारीने पोखरलेली, तरीही गाण्या-बजावण्याने आणि माणुसकीने भरलेली ती वस्ती होती. आफ्रिकी माणसाला स्वतःच्या नावावर जमीन घेता येईल अशा मोजक्या ठिकाणांपैकी ती एक होती.

1948 साली तिथे नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. नवे पंतप्रधान डॉ. मलान हे स्वतः डच रिफॉर्म्ड चर्चचे माजी धर्मोपदेशक होते. या चर्चमधला भेदभाव एका दिवसात आलेला नव्हता. काही गोऱ्या सभासदांना काळ्यांबरोबर एकत्र उपासना रुचत नव्हती. तेव्हा 1857 साली चर्चच्या महासभेने, त्यांची दुर्बलता समजून घेऊन, वेगळ्या प्रार्थनेला परवानगी दिली. एकत्र उपासना हेच योग्य, हे त्या ठरावानेही नाकारले नव्हते. म्हणजे सुरुवात सवलतीने झाली. शंभर वर्षांच्या आत त्या सवलतीचा नियम झाला, नियमाचा सिद्धान्त झाला, आणि बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेतून माणसांना वेगळे ठेवणे ही ईश्वराचीच इच्छा असल्याचे सांगितले जाऊ लागले. धर्मात अन्याय बहुधा असाच शिरतो. तो आधी माणसाच्या कमजोरीचे निमित्त सांगून बाहेर ओट्यावर बसायला जागा मागतो आणि मग घराचा मालक होतो.

हडलस्टन यांच्यासमोर हा पेच होता. ज्या येशूचे नाव घेऊन ते आले होते, त्याच येशूचे नाव घेऊन काळ्या माणसाला पास बाळगायला लावले जात होते, घरातून हाकलले जात होते. त्यांनी धर्म सोडला नाही. उलट धर्माच्या गाभ्यालाच हात घातला. ईश्वराने मानवी देह धारण केला, म्हणून प्रत्येक मानवी देह पवित्र आहे. त्याचा अपमान तो ईश्वराचा अपमान, अशी त्यांची धारणा होती. आपला तौहीद ईश्वराच्या देहधारणेची कल्पना मानत नाही. पण निर्माता एक आणि सारी माणसे एका आदमची लेकरे, या आपल्या श्रद्धेतूनही निष्कर्ष तोच निघतो.

त्यांची श्रद्धा साध्या वागण्यात दिसे. डेस्मंड टुटू हे तेव्हा शाळकरी पोर होते. त्यांची आई मोलमजुरी करणारी. एका गोऱ्या पाद्र्याने तिला पाहून आदराने टोपी उंचावली, ही गोष्ट टुटू आयुष्यभर सांगत राहिले. पुढे टुटू क्षयाने दवाखान्यात पडले तेव्हा हडलस्टन दर आठवड्याला त्यांना भेटायला जात. टुटूंनी आपल्या मुलाचे नाव ट्रेव्हर ठेवले.

पण खरी कसोटी शाळेच्या प्रश्नावर लागली. शिक्षक म्हणून मला ती सर्वांत जवळची वाटते. त्या काळी आफ्रिकी मुलांच्या बहुतेक शाळा सरकारी अनुदानावर मिशनरी चालवत. 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने त्या सरकारच्या ताब्यात जाणार होत्या. कायद्यामागचे मंत्री फेरवूर्ट यांनी हेतू लपवला नव्हता. आफ्रिकी मुलाला गणित शिकवून करायचे काय, असे त्यांनी उघड विचारले होते. हलक्या मजुरीपुरते शिक्षण द्यायचे, म्हणजे मूल मोठे होऊन बरोबरीचा हक्क मागणार नाही, असा हिशेब होता. मिशनांपुढे दोनच वाटा होत्या : शाळा सरकारच्या हवाली करणे, किंवा अनुदान गमावणे.

बहुतेकांनी शाळा हवाली केल्या. मुले रस्त्यावर येण्यापेक्षा वर्गात बसलेली बरी. उपाशी राहण्यापेक्षा अर्धी भाकरी बरी. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारा कोणीही शिक्षक सांगेल की, एक वर्ग बंद पडला की किती मुली कायमच्या घरी बसतात. हडलस्टन रोझेटनव्हिल येथील सेंट पीटर्स शाळेचे प्रमुख होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पुढारी ऑलिव्हर टाम्बो तिथेच शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलेही. ही नामवंत शाळा सरकारला देण्यापेक्षा बंद करायची, असा निर्णय संघाने घेतला आणि 1956 साली ती बंद झाली. जोहान्सबर्गचे बिशप रीव्हज यांनीही शाळा हवाली करायला नकार दिला.

हे योग्य झाले का? मुलांचे नुकसान झाले, यात शंका नाही. बंद दाराची किंमत पाद्र्यांपेक्षा पोरांनी अधिक मोजली. ही टीका हडलस्टन यांच्या बाजूच्या माणसालाही नाकारता येणार नाही. तरीही मला वाटते की अर्ध्या भाकरीची उपमा इथे लागू पडत नाही. अर्धी असली तरी ती भाकरी असावी लागते. साधने नाहीत म्हणून कमी शिकवणे वेगळे आणि मुलाने स्वतःला कमी समजावे म्हणून शिकवणे वेगळे. पहिल्यात शिक्षकाने तडजोड करावी, मोडक्या बाकावर, गळक्या छपराखाली शिकवावे. दुसऱ्यात त्याने खडू खाली ठेवावा. बी.एड.च्या पुस्तकांत शिक्षणाची उद्दिष्टे पाठ करून घेतात. ही सीमारेषा मात्र प्रत्येकाला स्वतःच ओळखावी लागते. तरुण शिक्षक टुटूंनी ती ओळखली. याच कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते पाद्री होण्यासाठी रोझेटनव्हिललाच, संघाच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात, दाखल झाले.

9 फेब्रुवारी 1955 रोजी सुमारे दोन हजार पोलिसांचा वेढा घालून सोफियाटाउन रिकामे करायला सुरुवात झाली. हडलस्टन रस्त्यावर लोकांसोबत होते. त्याच वर्षी जूनमध्ये क्लिपटाउनच्या लोकसभेत त्यांना ‘इसित्वालांद्वे’ हा जनतेचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. अल्बर्ट लुथुली आणि डॉ. युसुफ दादू हे त्यांच्यासोबतचे मानकरी. मुस्लिम घराण्यात जन्मलेले दादू काही काळ अलीगढला शिकलेले होते. त्या दोघांवर सरकारी बंदी असल्याने हजर राहू शकले ते फक्त हडलस्टन.

आणि मग संघाचा हुकूम आला : इंग्लंडला परत या. बोलावणारे संघप्रमुख रेनिस हे सोफियाटाउनमध्ये हडलस्टन यांच्या आधी काम केलेले गृहस्थ होते. सरकारशी झुंजणाऱ्या या माणसाने आपल्या संघाची आज्ञा मात्र मोडली नाही. 1956 च्या सुरुवातीला ते निघून गेले. त्यांनी थांबायला हवे होते, असे अनेकांना वाटले. पण स्वतःला अवघड जाणारी शपथही पाळणारा माणूस जेव्हा एखाद्या कायद्याला नाही म्हणतो, तेव्हा त्या नकाराला वजन येते. पुढे ब्रिटनमधल्या वर्णभेदविरोधी चळवळीचे ते अध्यक्ष झाले. वर्णभेद संपलेला पाहून 1998 साली ते वारले. त्यांची रक्षा सोफियाटाउनच्या चर्चमध्येच ठेवली आहे.

हे सारे ख्रिस्ती लोकांचे घरगुती भांडण, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. केपटाउनमध्ये आपल्या कोकणातून, रत्नागिरीकडून गेलेल्या मुस्लिमांचीही वस्ती आहे. त्याच शहरातले इमाम अब्दुल्ला हारून आफ्रिकी वस्त्यांत जाऊन मदत पोचवत. 28 मे 1969 रोजी त्यांना पकडले आणि 123 दिवसांच्या कैदेनंतर 27 सप्टेंबरला कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. ते जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले. 2023 साली न्यायालयाने त्यांचा मृत्यू छळामुळे झाल्याचा निर्वाळा दिला. ते कैदेत असताना शहराच्या मुस्लिम धर्मनेतृत्वाने ठोस आवाज उठवला नाही, अशी टीका पुढे तिथल्याच मुस्लिमांनी केली. आणि 1971 साली इमामसाहेबांच्या मृत्यूची चौकशी व्हावी म्हणून सिग्नल हिलवरच्या एका दर्ग्यात 67 दिवस उपोषण कोणी केले? बर्नार्ड रँकमोर नावाच्या एका ख्रिस्ती पाद्र्याने.

या हकिकतींतून मला एकच गोष्ट दिसते. ईमानाची खरी परीक्षा आपल्या सफेत होते. परक्याच्या जुलमाविरुद्ध बोलायला हिंमत लागते, पण त्या वेळी आपली माणसे पाठीशी असतात. आपल्या माणसांच्या जुलमाविरुद्ध बोलताना पाठीशी कोणी नसते. तिथे खुदावरचा भरवसा आहे की जमातीवरचा, हे कळते.

बिलाल यांचा किस्सा आपण अभिमानाने सांगतो. आखरी खुत्ब्यातली समता आपल्या प्रत्येक वक्त्याला पाठ असते. मशिदीत आपण खांद्याला खांदा लावून उभेही राहतो. पण सोयरीक जमवताना बिरादरी विचारली जाते. उच्च घराण्याचा आणि कसबी जमातीचा हा फरक दीनमध्ये नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही, ‘लोकांना रुचत नाही, काय करणार?’ असे म्हणून आपण सवलत देतो. 1857 साली त्या चर्चनेही एवढेच म्हटले होते.