दधीचींचीच हाडं का?

अवयवदानाचा कार्यक्रम असला की व्यासपीठावरून दधीची ऋषींचं नाव हमखास येतं. वृत्रासुराला मारायला वज्र हवं, म्हणून ऋषींनी देह ठेवला आणि हाडं दिली. टाळ्या पडतात त्या त्यागाला. पण देव त्यांच्याच दारी का गेले? तपानं बळ आलेली हाडं हवी होती म्हणून. म्हणजे दाता पारखून घेतला होता.

रक्त बनवणाऱ्या मूळपेशींचं रोपण करणारे डॉक्टरही दाता पारखतात, फक्त तप विचारत नाहीत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी अस्थिमज्जा रोपण केलं, तेव्हा रक्ताच्या कर्करोगानं आजारी मुलीला मज्जा मिळाली ती तिच्या भावाची. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. माया कितीही असो, या खुणा ठरवणाऱ्या सहाव्या गुणसूत्राला तिच्याशी कर्तव्य नाही.

परका दाता असेल तर वय पाहतात. सुमारे सात हजार रोपणांच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दाता तिशीपर्यंतचा असेल तर पाच वर्षांनी ३३ टक्के रुग्ण हयात होते. पंचेचाळिशीपुढचा असेल तर २५. आणि आई? गरोदरपणात स्त्रीचं शरीर गर्भातल्या परक्या खुणा ओळखायला शिकतं. त्यामुळे अनेक बाळंतपणं झालेल्या बाईच्या पेशी पुरुष रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका अधिक. वात्सल्याचा इतका रोकडा अपमान क्वचितच होत असेल! एकसारखा जुळा भाऊ आदर्श वाटावा, तर त्याच्या पेशी इतक्या घरच्या की उरलेल्या कर्करोगावर तुटूनच पडत नाहीत; आजार परतण्याची भीती वाढते.

गीतेचा सतरावा अध्याय दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगतो. तिथे पात्रता घेणाऱ्याची. इथे ती देणाऱ्याची, आणि तीही न कमावलेली. बाविशीत असण्याचं श्रेय कुणी घ्यावं? मग पुण्य कशाचं?

संमतीचं, असं म्हणावं लागतं. रोपणाआधी जबर केमोथेरपीनं रुग्णाची स्वतःची मज्जा संपवतात. दात्याला माघारीचा हक्क अखेरपर्यंत असतो. पण त्या टप्प्यावर त्यानं तो वापरला, तर रुग्णाच्या शरीरात रक्त बनवायला जवळपास काही उरलेलं नसतं. हा हक्क असूनही दाता चार-पाच दिवस मूळपेशी रक्तात उतरवणारी इंजेक्शनं घेतो, ठणकती हाडं घेऊन येतो आणि काही तास यंत्राला जोडलेला हात न हलवता पडून राहतो.

दाता लहान भावंड असेल तर मात्र हे उत्तर लंगडं पडतं. सही करणारे आईबाप, आणि शेजारच्या खोलीतलं आजारी मूलही त्यांचंच. ब्रिटनमध्ये अशा अजाण लहान दात्याची मज्जा घेण्याआधी एक त्रयस्थ परीक्षक त्याच्याशी आणि पालकांशी बोलतो; मंजुरी त्यानंतरच मिळते.