उभ्या गाडीच्या पुढून

चि. बाळास,

तुझं लायसन्स आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला. आता पुण्यात कॉलेजला मोटारसायकलवरून जाशील. त्याआधी एक गोष्ट सांगतो. २९ वर्षं एसटी चालवली, पण ही गोष्ट घरात कधी बोललो नाही.

फलटण भागात मुक्कामी गाडी घेऊन चाललो होतो. दिवेलागणीची वेळ. एका थांब्यावर चार-पाच माणसं उतरली. त्यातली एक बाई बाजाराची पिशवी घेऊन गाडीच्या पुढून पलीकडे निघाली आणि बंपरजवळ थांबून माझ्याकडे बघू लागली. मी हातानं 'जा' अशी खूण केली. माझ्या हातावर भरवसा ठेवून तिनं दोन पावलं टाकली, आणि उजव्या अंगानं मोटारसायकल सुसाट आली. पिशवीतले कांदे हेडलाइटच्या उजेडात पार पलीकडच्या कडेपर्यंत घरंगळत गेले. बाईचा पाय मोडला. खूण करण्याआधी मी उजव्या आरशात पाहिलं नव्हतं.

मोटारसायकलवरचा मुलगा तुझ्याच वयाचा. रडत सारखा म्हणत होता, 'बाई दिसलीच नाही.' खरंच दिसली नसणार. एवढ्या मोठ्या गाडीच्या आड माणूस पुरता झाकला जातो. म्हणून एसटी असो, पीएमपी असो की शाळेची बस, ती थांबलेली दिसली की ॲक्सिलरेटर सोडायचा. तिच्या पुढून कुणीतरी येतंच आहे असं धरून चालायचं. आणि स्वतः कुणालाही 'जा' अशी खूण करायची नाही. आपण थांबावं, एवढंच आपल्या हातात. शेजारून येणाऱ्याची हमी आपण देऊ शकत नाही.

ताशी ४० च्या वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे जवळजवळ एका एसटीच्या लांबीइतकी. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. वेग दुप्पट केलास तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. २०२२ साली आपल्या देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावरच्या अपघातांत गेले. हा सरकारी आकडा आहे.

त्या संध्याकाळी दोन मोटारी आमच्याजवळ हळू झाल्या, बघितलं आणि निघून गेल्या. पोलिसांचं झंझट नको, हीच भीती. शेवटी प्रवाशांनी बाईला उचलून एसटीत घेतलं आणि आम्ही गाडी तशीच तालुक्याच्या दवाखान्यात नेली. आता २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलंय. जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा कुणी पडलेलं दिसलं तर थांब.

पुण्यात आलो की चौकात झेब्रावर मोटारसायकली उभ्या दिसतात आणि म्हातारी माणसं त्यांच्यामधून वाट काढत असतात. मला ते बघवत नाही. तू स्टॉपलाइनच्या मागेच थांब, मागून कितीही हॉर्न वाजोत. फुटपाथ किमान १.८ मीटर रुंद मोकळा असावा असं इंडियन रोड काँग्रेसचं मानक आहे. प्रत्यक्षात त्यावर हातगाडी असते, डीपी असतो, कुणाची तरी स्कूटर असते. चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावंच लागतं. त्याच्या पाठीशी जाऊन हॉर्न वाजवू नकोस. आणि सिग्नल चुकवायला फुटपाथवर गाडी चढवणं तर मला अजिबात खपणार नाही.

आमच्या रस्त्यानं माउलींची पालखी जाते तेव्हा एसटी माणसाच्या चालीनं चालते आणि गाडीतला एकही प्रवासी कुरकुरत नाही. चालणाऱ्याला तेवढा मान वर्षभर का देऊ नये, असं मला दरवर्षी वाटतं.

तूही पायी हिंडशीलच. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेनं चाल, समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात पांढरा शर्ट घाल. कानातलं ते यंत्र काढून खिशात ठेव.

ती बाई आता काठी घेऊन चालते. दिवाळीला गावी येशील तेव्हा तो थांबा वाटेत लागेल. तिथे एसटी उभी असली तर तिच्या मागे थांब. ती हलली की मगच नीघ.

तुझे आजोबा