रस्ता खुला आहे म्हणून

अंदमानला जायचं म्हटलं की मराठी घरात आधी सेल्युलर जेल येतं. सावरकरांची कोठडी बघायची, मग हॅवलॉकचा किनारा, मग घरी. आम्हा चौघांना मात्र दिवसभर गाडीने फिरायचं होतं. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधे एखादी खाडी, सिग्नल नाही, गर्दी नाही. मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं.

नकाशावर डोळ्यांत भरते ती एकच लांब रेघ: अंदमान ट्रंक रोड. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, ती उत्तरेला डिगलीपूरपर्यंत जाते. पर्यटक सहसा बाराटांगपर्यंत जातात, तिथल्या चुनखडीच्या गुहा बघायला. पण वाटेत जिर्काटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटपर्यंतचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला खायला द्यायचं नाही.

हे नियम वाचून मला प्रश्न पडला. इतके नियम लागतात, तो रस्ता नेमका कुणाचा?

जारवा म्हणजे काही शे माणसं. सत्तरच्या दशकात हा रस्ता बांधला जात होता तेव्हा त्यांनी बाणांनी विरोध केला. १९९०च्या दशकाच्या शेवटी ते स्वतःहून बाहेर येऊ लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला रस्ता बंद करायला सांगितलं, तरी गाड्या चालूच राहिल्या. २०१२ मध्ये, खाण्याच्या बदल्यात जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचे व्हिडिओ जगभर गेले.

ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, ‘आपण कुठे असलं काही करणार आहोत? काचा बंद, फोन खिशात.’ खरं आहे. पण तेवढ्या वाटेत आमच्या चारही माना कुठे वळलेल्या असतील, हे मला माहीत आहे. फोनवर ज्या एजंटशी बोलले, तो म्हणाला, ‘दिसले तर नशीब तुमचं.’ ताडोबाला वाघाबद्दल हेच वाक्य ऐकतो आपण. वाघाबद्दल ते खटकत नाही.

दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. रंगत, मायाबंदर, डिगलीपूरची माणसं याच रस्त्याने पेशंट नेतात, भाजी आणतात. मग आपल्यालाच सोवळं कशाला? मला यात फरक दिसतो. दवाखान्यात निघालेल्या माणसाला तिथून जावं लागतं, आम्हाला तिथून जायला आवडेल. आवड आणि गरज एकाच ताफ्यात उभ्या असल्या, तरी त्यांची किंमत सारखी होत नाही.

‘आपल्या एका गाडीने काय होतंय?’ हेही आलंच. पण ताफा म्हणजे अशा एकेका गाडीचीच रांग.

आणि जारवांनाच आपल्याला भेटायचं असलं तर? त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणारी मी कोण? हा प्रश्न मला खरंच अडवतो. त्यांनी कायम जंगलातच राहावं, असं ठरवायचा हक्क मला नाही. पण भेट म्हटली की कधी, कुणाला, किती वेळ, हे दोघांनी ठरवायचं असतं. या रस्त्यावर थांबायलाच मनाई आहे आणि ती योग्यच आहे. म्हणजे तिथे भेट होऊच शकत नाही, फक्त बघणं होतं. तेही एकाच बाजूच्या मर्जीने, कारण ते आपल्या जंगलात असतात आणि आम्ही तिकीट काढून आलेले असतो.

कायद्याने परवानगी असली की शिक्षा होणार नाही एवढं नक्की होतं. आपण जावं का, हे ठरवायचं उरतंच.

मी आखलेला मार्ग आता दक्षिणेतच राहतो. एक दिवस वंडूर, एक दिवस चिडियाटापूचा सूर्यास्त, आणि हॅवलॉकला भाड्याची स्कूटर. गुहा राहतील आणि त्यांची चुटपुट मलाही लागेल. मित्राला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, नियम पाळून जाणाऱ्याला तू दोषी ठरवतेस. तसं नाही. एवढंच म्हणते, की सुट्टीतला एक दिवस सुंदर व्हावा म्हणून कुणाच्या घरातून गाडी न्यायची असेल, तर आधी त्या घरच्यांना विचारता यायला हवं. तशी सोय अजून झालेली नाही.