सिस्टर, डोस बरोबर आहे ना?

मोठ्या माणसाला ताप आला की पाचशेची गोळी. वजन पंचावन्न असो की ऐंशी. मुलांचं तसं नसतं. आधी वजन, मग गुणाकार, मग बाटलीवरचं प्रमाण बघून मिली काढायचे. दहा किलोच्या मुलाला किलोमागे 15 मिलिग्रॅम धरलं तर 150 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 6 मिली. पण ड्रॉप्सच्या बाटलीत 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. केसपेपरवर नुसतं ‘6 मिली’ लिहिलं आणि हाती ड्रॉप्स आले, तर 600 मिलिग्रॅम पोटात. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर दहापट.

बॉस्टनमधल्या दोन रुग्णालयांत मुलांसाठी लिहिलेल्या 10,778 औषधांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 616 चुका निघाल्या. इजा होऊ शकली असती अशा चुका मोठ्यांच्या तिप्पट. हा अभ्यास 2001चा.

रात्रभर जागलेला रेसिडेंट पहाटे गुणाकार चुकला, तर मी त्याला फासावर देणार नाही. मला टोचतं ते वेगळंच. चूक बहुधा खालच्या पायरीवरच्या माणसाला दिसते, आणि तिथूनच बोलायची चोरी. सिस्टरने विचारलं तर ‘मला शिकवताय?’, आईने विचारलं तर ‘विश्वास नसेल तर घेऊन जा’. आजारी बाळाच्या वतीने बोलणारं आणखी असतं तरी कोण?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 2001च्या फेब्रुवारीत जोसी किंग ही दीड वर्षांची मुलगी भाजण्यातून सावरत होती. पाण्यासाठी ती कासावीस होते आहे, हे आई सांगत राहिली. गुंगी आणणारं वेदनाशामक द्यायचं नाही असं ठरलेलं असताना नर्स मेथाडोन घेऊन आली. आईने हरकत घेतली. आदेश बदललाय, असं उत्तर मिळालं. औषध दिलं गेलं, आणि शरीरातलं पाणी आधीच आटलेली जोसी वाचली नाही.

भरपाईतला काही भाग आईवडिलांनी त्याच रुग्णालयाला परत दिला, मुलांच्या सुरक्षिततेच्या कामासाठी. लोक याला क्षमा म्हणतील. मला त्यात कडक मागणी दिसते: पुढच्या वेळी आई ‘थांबा’ म्हणाली, तर सिरिंज खाली ठेवून आधी केसपेपर उघडा.