निदण उपटायची घाई

शनिवार, २६ जुलै २०२५
सामान्य काळातील सोळावा सप्ताह
संत योआकिम आणि संत अॅना यांचा स्मरणदिन
आजची वाचने : निर्गम २४:३-८ आणि मत्तय १३:२४-३०



आजचं शुभवर्तमान आपण लहानपणापासून ऐकत आलोय. एका माणसाने शेतात चांगलं बी पेरलं. रात्री सगळे झोपले असताना त्याचा शत्रू आला, गव्हात निदण पेरून निघून गेला. रोपं वाढली, कणसं धरली, तेव्हा निदण दिसू लागलं. चाकर धावत धन्याकडे आले. उपटून टाकू का, म्हणून विचारू लागले. धनी नको म्हणाला. निदण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

हे वाचन दर वर्षी येतं. पण या वर्षी ते ज्या आठवड्यात आलंय, तो आठवडा आपल्या मीरा-भाईंदरकरांसाठी साधा नाही.

सोमवारी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं. गुरुवारी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला मर्यादित स्थगिती दिली : सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागणार नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. राज्य सरकारचं अपील आता तिथे चालेल.

तुमच्यापैकी जे तेव्हा खूप लहान होते त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मंगळवारची संध्याकाळ होती. पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, सुमारे ११ मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि आपलं मीरा रोड. १८० हून जास्त माणसं गेली, ८०० च्या आसपास जखमी झाली. उत्तनला रेल्वे नाही, पण इथल्या नोकरदाराची संध्याकाळ त्याच गाड्यांत जाते. भाईंदरला उतरायचं आणि बस पकडून गावात यायचं. त्या रात्री फोन लागत नव्हते. मी शाळेत होतो. बाबा घरी पोचले तेव्हा मध्यरात्र होत आली होती. आईने दाराशी बसून रोझरीचे किती फेरे केले ते तिलाच ठाऊक. ज्यांच्या घरची माणसं आलीच नाहीत, त्यांची ती रात्र अजून संपलेली नाही.

म्हणून सोमवारी निकाल आला तेव्हा आपल्या ग्रुपांवर जे सुरू झालं, ते मी समजू शकतो. एक म्हणाला, कोर्टाची गरजच काय, तेव्हाच उडवायला हवं होतं. दुसऱ्याने लगेच आपल्या आवडत्या पक्षाचं पोस्टर टाकलं. तिसऱ्याने एका अख्ख्या समाजाला शिवी दिली. चौथा म्हणाला, बघा, सगळंच खोटं होतं. आणि सकाळी याच ग्रुपांवर दिवसाचं वचन आलं होतं, त्याला सगळ्यांनी हात जोडले होते.

तर आज हा दृष्टांत आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचू.

पहिली गोष्ट. प्रभू येशू वाईटाला गोड नाव देत नाही. धनी असं म्हणत नाही की निदण म्हणजे जरा वेगळ्या प्रकारचा गहू. हे शत्रूचं काम आहे, असं तो स्पष्ट सांगतो. संध्याकाळी घरी चाललेल्या माणसांच्या डब्यात बॉम्ब ठेवणं हे पाप आहे. त्याला कुठलं कारण, कुठला सूड, कुठला धर्म पवित्र करू शकत नाही. दहशतवादाबद्दल बोलताना ज्याची जीभ इथे अडखळते, त्याने हा दृष्टांत पुन्हा वाचावा. शेवटी निदणासाठी आग आहेच, आणि प्रभूने ती झाकून ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट. चाकर वाईट नाहीत. त्यांना धन्याच्या शेताची काळजी आहे. त्यांचा राग खरा आहे. धनी त्यांना रागावत नाही, फक्त एक गोष्ट लक्षात आणून देतो : तुमचे हात तुम्हाला वाटतात तेवढे अचूक नाहीत. त्या भागातलं निदण कणीस धरेपर्यंत गव्हासारखंच दिसायचं आणि खाली मुळं एकमेकांत गुंतलेली असायची. म्हणजे अडचण दोन ठिकाणी होती. वर ओळख पटत नाही आणि खाली वेगळं करता येत नाही.

आता खटल्याकडे बघा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १३ पैकी एकाला सोडलं, १२ जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. जो सुटला त्याची तोवर नऊ वर्षं तुरुंगात गेली होती. फाशी झालेल्यांपैकी एक जण अपिलाचा निकाल लागायच्या आधीच २०२१ मध्ये तुरुंगात वारला. आणि आता उच्च न्यायालय म्हणतं की सरकारी पक्षाला गुन्हा सिद्धच करता आला नाही. काही महत्त्वाच्या साक्षीदारांनी शंभराहून जास्त दिवसांनी तोंड उघडलं. कबुलीजबाब विश्वास ठेवण्यासारखे नव्हते. कुठल्या प्रकारचे बॉम्ब वापरले, हेसुद्धा नोंदीवर आलं नाही.

शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असेल, आणि त्याच्या आधी आपण न्यायाधीश व्हायचं कारण नाही. पण एक गोष्ट आजच दिसते. ही माणसं निर्दोष असतील, तर त्यांच्या आयुष्याची १९ वर्षं गेली आणि खरे मारेकरी १९ वर्षं मोकळे राहिले. ही माणसं दोषी असतील, तर कच्च्या तपासामुळे एवढा मोठा गुन्हा उच्च न्यायालयात टिकला नाही. दोन्हीकडून हिशोब केला तरी फायदा निदणाचाच झाला. आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांच्या हातात १९ वर्षांनीही उत्तर नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही घाई चांगली माहीत असते. रात्री सिस्टीम बंद पडते, वरून फोनवर फोन येतात, कुणीतरी एक कारण लिहून टिकीट बंद करतो. टिकीट बंद होतं. बग तिथेच राहतो. तिथे नुकसान पैशांचं असतं. इथे माणसांचं आहे.

आता कुणी म्हणेल, हा दृष्टांत तर अंतिम न्यायाचा आहे, त्याचा कोर्टाशी काय संबंध? बरोबर आहे. याच अध्यायात पुढे प्रभू स्वतः उलगडा करतो : शेत म्हणजे जग, कापणी म्हणजे युगाची समाप्ती, कापणारे देवदूत. पोलिसांनी कुणाला पकडू नये, न्यायाधीशांनी शिक्षा देऊ नये, असं प्रभू इथे शिकवत नाही. राज्याला तो अधिकार आहे हे संत पौल रोमकरांच्या पत्रात सांगतो. पण ज्या देवाला सगळ्यांची मनं दिसतात तो जर कापणीपर्यंत थांबतो, तर ज्यांना फक्त चेहरा, नाव आणि दाढी दिसते त्यांनी किती सांभाळून हात घालावा?

आणि हे सांगणारा पौल स्वतः संशयित होता, हे आपण विसरतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१ पासून पुढे या वीकेंडला वाचा. यरुशलेमात लोकांनी पौलाला एका परदेशी माणसाबरोबर शहरात पाहिलं होतं. तेवढ्यावरून त्यांनी धरून चाललं की त्याने त्या माणसाला मंदिरातही नेलं असणार. जमाव जमला, मारहाण सुरू झाली. रोमी सरदार आला. जमावातला एक काही ओरडत होता, दुसरा काही. सरदाराला वाटलं, हा तो इजिप्शियन असावा, जो चार हजार मारेकऱ्यांना घेऊन रानात गेला होता. म्हणजे आजच्या भाषेत, संत पौलाला अतिरेकी समजून अटक झाली! पुढचा हुकूम काय, तर फटके मारून याच्याकडून खरं काढा.

पौल तिथे एकच प्रश्न विचारतो : दोष सिद्ध झाला नसताना रोमी नागरिकाला फटके मारणं तुमच्या कायद्यात बसतं का? त्या एका प्रश्नाने चाबूक थांबतो. पुढे चाळीसहून जास्त माणसं त्याला मारायची शपथ घेतात, तेव्हा तोच सरदार रात्री शेकडो शिपायांच्या बंदोबस्तात त्याला कैसरियाला हलवतो. तिथे तो दोन वर्षं निकालाशिवाय कोठडीत राहतो. ज्याची पत्रं आपण रविवारी मिस्सामध्ये ऐकतो, तो माणूस कच्चा कैदी होता, आणि कायद्याची पद्धत पाळली गेली म्हणून जगला.

आपल्या काळातही हे आपल्या घरात घडलंय. फादर स्टॅन स्वामी. ऑक्टोबर २०२० मध्ये यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक. वय ८३, कंपवाताने हात थरथरत होते. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा जामीन मिळाला नव्हता, खटलाही सुरू झाला नव्हता. तेव्हा आपण मेणबत्त्या लावल्या आणि म्हणालो, आधी पुरावा तपासा, नुसत्या आरोपावरून माणूस दोषी ठरत नाही. आपण बरोबर बोललो होतो. प्रत्येक खटला वेगळा असतो, हेही खरं. पण जो नियम आपण आपल्या फादरांसाठी मागितला, तो नया नगरच्या किंवा गोवंडीच्या माणसासाठी मागताना आपला आवाज बसतो का? बसत असेल, तर आपल्याला न्यायाची नव्हे, फक्त आपल्या माणसांची भूक आहे.

आणि धीर म्हणजे भित्रेपणा, असं कुणी समजू नका. तुकाराम ओंबळे आठवा. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी. हातात फक्त लाठी. समोरच्याच्या हातात एके-४७. ओंबळेंनी तिची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. मग खटला झाला, पुरावे आले, प्रत्येक पायरी ओलांडली गेली आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही म्हणून ते सुटले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केलं. एकाच निकालात एकाला फाशी आणि दोघांची सुटका. दहशतवादाशी लढाई अशीही होते, आणि अशी झालेली लढाईच टिकते. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला नकार दिला. गहू कोणता आणि निदण कोणतं, हे त्या समाजाने स्वतः जगाला दाखवलं.

आपण उत्तनकर गहू पिकवत नाही. पण याच तेराव्या अध्यायात पुढे प्रभूने आपल्यासाठीही एक दृष्टांत ठेवलाय, जाळ्याचा. डोलीत काय काय शिरतं ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, आणि सोबत प्लास्टिक, कचरा, नको ते सगळं. पाण्यात हात घालून कुणी निवडत बसत नाही. जाळं वर येतं, मावरं किनाऱ्यावर ओततात, मग बायका उजेडात बसून एकेक निवडतात. निवडायचं काम सोडत कुणीच नाही. फक्त ते अंधारात, पाण्यात, घाईत करत नाहीत.

पहिल्या वाचनात मोशे देवाचे सगळे नियम लोकांना वाचून दाखवतो, आणि लोक ते पाळायचं कबूल करतात. आधी ऐकलं, मग होकार दिला. त्या नियमांत एक आहे, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. न तपासलेला फॉरवर्ड ही सुद्धा साक्षच आहे. ती कोर्टात दिली नाही, एवढाच फरक.

आजचे तीन संकल्प :

१. दहशतवादाबद्दल काहीही पुढे पाठवण्याआधी विचारा : हे मला माहीत आहे, की फक्त वाटतंय? वाटत असेल तर थांबा.

२. कुठल्याही पक्षाला मत द्या, तो तुमचा हक्क आहे. पण मेलेल्यांचे फोटो पक्षाच्या पोस्टरवर लावू नका. ती माणसं कुठल्या पक्षाची म्हणून मेली नाहीत, घरी जाताना मेली.

३. आज संध्याकाळच्या रोझरीत एक फेरा ११ जुलैच्या कुटुंबांसाठी, एक तपास करणाऱ्यांसाठी आणि न्यायाधीशांसाठी, आणि एक तुरुंगात निकालाची वाट बघणाऱ्यांसाठी म्हणा. तिसरा फेरा म्हणताना जड गेलं तर तिथेच थोडं जास्त थांबा.

प्रार्थना :
हे प्रभू, शेत तुझं आहे. आम्ही झोपलेले असताना शत्रू येतो, म्हणून आम्हाला जागं ठेव. आमचा राग तुला माहीत आहे, त्याला न्यायाची भूक बनव, सुडाची नको. ज्यांची माणसं त्या संध्याकाळी परतली नाहीत त्यांना सत्य मिळू दे. ज्यांनी ती माणसं मारली, ते कुठेही असोत, त्यांना उजेडात आण. आणि ज्याने काही केलं नाही त्याच्यावर आमचा हात पडू देऊ नको. आमेन.