गणपती होऊन जाऊ दे

लालबागच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. खाली मंडपासाठी बांबू उतरताहेत. मावशीचं वय 48, ती घरगुती डबे करून देते. भाची आरोग्यसेविका. मधे परातीत निवडायला घेतलेली डाळ.

मावशी : दुखत नाही, खुपत नाही. मोरीत अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली, एवढंच. गणपती होऊन जाऊ दे, मग बघू.

भाची : पहिल्यांदा कधी लागली?

मावशी : शिमग्याच्या सुमारास.

भाची : म्हणजे तेव्हा पाडवा होऊन जाऊ दे म्हणाली असशील. आणि दुखत नाही यात दिलासा नाही गं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच.

मावशी : बघ, काढलास ना तो शब्द! म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. इथे कुणाला ‘टाटा’ला नेलं, एवढंच सांगतात, तेही आवाज खाली करून.

भाची : 1941 पासून ते हॉस्पिटल परळला आहे, आणि आपण अजून कुजबुजतोच. अगं, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे आपल्या बोटांना कळत नाही. डॉक्टरचा हात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज पडली तर सुई, हे सगळं मिळून सांगतं.

मावशी : सुई लागली की पसरतो म्हणतात.

भाची : उशीर झाला की पसरतो, आणि नाव सुईचं होतं.

मावशी : तू त्या अभ्यासाचं सांगत होतीस ना मागे?

भाची : हो. 1998 मध्ये टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू केला. 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायका. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या, अशा चार फेऱ्या. बाकीच्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या वस्त्यांत जेवढे कॅन्सर सापडले, त्यातले 37 टक्के पुढच्या टप्प्यातले होते. दुसरीकडे 47 टक्के. आणि पन्नाशी गाठलेल्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी.

मावशी : आणि पन्नाशीच्या आतल्या?

भाची : (जरा थांबून) त्यांच्या मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही.

मावशी : मग झालं तर. मी 48 ची.

भाची : तो प्रश्न वेगळा होता, मावशी. काहीच तक्रार नसलेल्या बायकांत शोधत फिरावं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ही डाळ एकदा निवडायची की तीनदा, यावर आपण वाद घालू. पण खडा दिसल्यावर तू तो डब्यात जाऊ देशील?

मावशी : खडा उचलून टाकला की संपतं. इथे नाव कळलं की मी पेशंट. आज मी बारा जणांचं जेवण करते, उद्या बारा जण माझी कीव करतील. न कळण्याचा हक्क माणसाला नाही का?

भाची : आहे. पण तुझ्याकडे न कळलेलं उरलंय कुठे? मोरीत गेलीस की हात तिथेच जातो ना?

मावशी : (बऱ्याच वेळाने) रोज.

भाची : मग?

मावशी : तुझे आजोबा आठवले. 1982 चा गिरणी संप, मी सहा वर्षांची. भोंगा आज होईल, उद्या होईल, म्हणून बाबा रोज आईला डबा घासून ठेवायला सांगायचे. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. त्यामुळे बाबांचं थांबणंही कधी संपलं नाही. आम्ही म्हणायचो, घर आशेवर चाललं. खोटं. घर आईच्या खानावळीवर चाललं.

भाची : आजोबांच्या हातात तरी काय होतं?

मावशी : तेच म्हणते. गिरणी उघडणं त्यांच्या हातात नव्हतं. मला कुणी अडवलंय? मीच डबा घासून ठेवतेय.

(भाची काही बोलत नाही. मावशी परातीतली डाळ एका बाजूला सारते.)

मावशी : येते मी. पण बघायला येणं म्हणजे पुढच्या सगळ्याला हो नाही. दर पायरीला मला विचारायचं. माझ्या माघारी डॉक्टरांशी कुजबुजायचं नाही.

भाची : कबूल. तुला ठरवता यावं म्हणूनच तर कळायला हवं.

मावशी : केईएम हॉस्पिटलला किती वाजता?

भाची : केसपेपरची रांग सकाळीच लागते.

मावशी : मग खाली सांगून ये, उद्या डबे नाहीत.

भाची : कारण विचारलं तर? देवदर्शनाला गेली म्हणून सांगू?

मावशी : देवाला कशाला मधे घालतेस? सांग, मावशी गाठ दाखवायला गेलीय. आणि नेहमीच्या आवाजात सांग.