जागणाऱ्यांची झोप

सेवा करणाऱ्या माणसाचा गौरव करताना आपल्या भाषेत चंदनाची उपमा फार सहज येते. तो चंदनासारखा झिजला, असे आपण म्हणतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. या उपमेमागे जी कृतज्ञता आहे तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि एखादी उपमा वापरून गुळगुळीत झाली म्हणजे ती विचाराच्या जागी येऊन बसते, आणि तिने काय गृहीत धरले आहे हे पाहण्याचे आपण सोडून देतो. चंदनाच्या खोडाला झिजण्यावाचून दुसरे काम नसते. पहाटे चार वाजता औषधाच्या मात्रेचा हिशेब त्याला करावा लागत नाही, की शेजारच्या खाटेवरचा श्वास अडखळला हे त्याच्या कानांना कळावे लागत नाही. खोड झिजले म्हणजे गंध उरतो. माणूस झिजला म्हणजे काय उरते, याचे उत्तर त्या उपमेत नाही.

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकांच्या संदर्भात हा प्रश्न आम्ही येथे मांडू इच्छितो. दुसऱ्याच्या प्राणांवर पहारा ठेवणाऱ्या व्यक्तीने स्वतःची काळजी घ्यावी, हा तिचा स्वार्थ म्हणावा, हक्क म्हणावा, की कर्तव्य? आणि ते कर्तव्य असेल, तर एकट्या तिचेच आहे काय?

आयसीयूच्या दाराबाहेर बाकावर रात्र काढण्याचा प्रसंग ज्या कुटुंबावर आला असेल, त्याला आतील कामाची थोडीफार कल्पना असते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही, घशातला कफ काढता येत नाही. त्याचे सक्शन करणे, दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवणे, मूत्राचे माप ठेवणे, रक्तदाबाप्रमाणे औषधाची धार कमीजास्त करणे, मॉनिटरच्या अनेक आवाजांतून खऱ्या धोक्याचा आवाज ओळखणे, आणि एवढे करून नातेवाइकांच्या प्रश्नांना शांतपणे उत्तर देणे, हे सारे एका माणसाचे काम. डॉक्टर येतात, निर्णय देतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. खाटेपाशी उरते ती सिस्टर, आणि आता अनेक ठिकाणी तिच्याबरोबर ब्रदरही.

या कामाला लागणारे गुण आपल्या परंपरेने फार पूर्वी नेमके सांगून ठेवले आहेत. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता असे चार गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. ज्ञान शिकवता येते. शुचितेची सवय लावता येते. दक्षता मात्र जागरणाने बोथट होते, आणि अनुराग तर हुकुमाने उत्पन्नच होत नाही. त्याच संहितेने आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटले आहे. आम्हांस असे वाटते की ही दोन वचने एकत्र वाचली पाहिजेत. ज्याच्याकडून दक्षता आणि अनुराग यांची अपेक्षा करायची, त्याच्या झोपेची काळजी न करणे म्हणजे खाटेचा एक पाय कापून ती सरळ उभी राहावी अशी इच्छा धरण्यासारखे आहे.

आधुनिक शास्त्रानेही हेच आपल्या भाषेत सांगितले आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने सेवाकार्य करणाऱ्या माणसांच्या 'बर्नआउट'चे, म्हणजे आतून जळून जाण्याचे, वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची जी व्याख्या स्वीकारली, तीत तीन लक्षणे आहेत: शक्तिपात, कामापासून मनाने दुरावणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. यांतले दुसरे लक्षण म्हणजे चरकाच्या अनुरागाचाच क्षय होय. रुग्ण 'सहा नंबर' होतो. त्याचे नाव मागे पडते. हे घडते तेव्हा ती परिचारिका निष्ठुर झालेली नसते. मन स्वतःला वाचवण्यासाठी मिटून घेत असते. त्याच संघटनेने ही अवस्था आजारांत न घालता कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी घटना म्हणून नोंदवली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये नोंदले आणि २०१९ मध्ये त्या निर्णयाला दुजोरा दिला. तेव्हा आपल्यासाठी जागणारी व्यक्ती काही किंमत देऊन जागत असते, हे निदान आपण जाणले पाहिजे.

येथे एक युक्तिवाद पुढे येतो, आणि तो वरवर पाहता परिचारिकेच्या बाजूचा दिसतो. ती थकली तर रुग्णाचे नुकसान होईल, म्हणून तिने विश्रांती घ्यावी, असा तो आहे. हे खरे आहे. पण एवढेच म्हणून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. यंत्राला तेल घालावे तशी मग तिची झोप ठरते. कांटने १७९७ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात माणसाची स्वतःविषयीची कर्तव्ये वेगळी सांगितली. माणसाला केवळ साधन मानू नये हा त्याचा दंडक इतरांइतकाच स्वतःलाही लागू आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या संघटनेने २००१ च्या आपल्या आचारसंहितेत हीच भूमिका घेतली: परिचारिकेचे जे कर्तव्य इतरांविषयी, तेच स्वतःविषयी. आपल्याकडे कालिदासाच्या कुमारसंभवात बटुवेषातील शंकर तपस्विनी पार्वतीला विचारतो, की हे तप तू आपल्या शक्तीच्या बेताने करते आहेस ना? त्या प्रश्नात उपरोध नाही, आपुलकी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति जागणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. तपालाही जी मर्यादा आहे ती नोकरीला नसावी, हे कोणत्या न्यायाने?

अलीकडे अनेक रुग्णालये परिचारिकांना श्वसनाचे व्यायाम, योगासने, ध्यान, मनोबल वाढवण्याचे वर्ग असे उपाय सुचवतात. यांचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. दीर्घ श्वासाने खरोखर बरे वाटते; मैत्रिणीशी चहाच्या वेळी मोकळे बोलल्याने मन हलके होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक साधा प्रघात सुरू केला. रुग्ण दगावल्यावर सर्वांनी हातातले काम थांबवून क्षणभर खाटेभोवती शांत उभे राहायचे. गेलेल्या माणसाचा आणि त्याच्यासाठी धडपडलेल्या हातांचा मान राखायचा. एक मिनिटही त्याला पुरते. आपल्या लोकांना हे समजायला कठीण नाही. मृत्यूनंतर घरात चूल न पेटवण्यामागची भावना याहून फारशी निराळी नसावी.

परंतु थकवा एका जातीचा नसतो. शरीराचा थकवा झोपेने जातो. हृदयाचा थकवा, म्हणजे रोज मृत्यू पाहण्याचा भार, सोबतीने हलका होतो. तिसरा थकवा सदसद्विवेकाचा. काय करायला हवे हे कळते आहे, हातांना ते येतेही आहे. पण एकाच वेळी तीन खाटा सांभाळायच्या असल्याने ते करता येत नाही, हे रोज सोसल्यामुळे तो येतो. अँड्र्यू जेमटन या अमेरिकेतील तत्त्वचिंतकाने १९८४ मध्ये परिचर्येच्या नीतीवरील आपल्या ग्रंथात या अवस्थेला 'नैतिक यातना' अशा अर्थाचे नाव दिले. या तिसऱ्या थकव्यावर दीर्घ श्वासाचा इलाज चालत नाही. किंबहुना तेथे श्वास मोजायला सांगणे म्हणजे तिच्या विवेकाने केलेली रास्त तक्रार तिच्या मज्जातंतूंच्या माथी मारणे होय. ज्या व्यवस्थेने जखम केली तिने मलमाची डबी हाती देऊन मोकळे व्हावे, हे न्याय्य नव्हे.

आता या विषयातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. रात्रपाळी संपली आहे, बदली सिस्टर आलेली नाही, आणि समोरच्या रुग्णाचा रक्तदाब उतरतो आहे. अशा वेळी तिने काय करावे? ती थांबेल, आणि थांबावे असेच आपण म्हणू. समोरच्या रुग्णाला चेहरा आहे; तिच्या उद्याच्या थकव्याने ज्याचे नुकसान होईल त्या रुग्णाला अजून चेहरा नाही. एखाद्या रात्री हा निवाडा बरोबरच आहे. परंतु तोच प्रसंग दर आठवड्याला उभा राहू लागला, तर तो प्रसंग राहत नाही. कोणीतरी कागदावर आखलेली पद्धत होते. तिच्या दयेवर हिशेब मांडून माणसे कमी नेमली, तर तो त्या दयेचा गैरवापर आहे. अपवादातील त्याग थोर असतो. नियम म्हणून वसूल केलेला त्याग ही वेठबिगार होय.

परिचर्येच्या आद्य आचार्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा आपण हातात दिवा घेऊन रात्री एकटीने फिरणारी अशी जपली आहे. पण त्यांच्या १८५९ मधील परिचर्येवरील पुस्तकाचे एक प्रकरण निराळेच सांगते. आपण हजर असताना जे करतो ते आपण हजर नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे, यावर त्या तेथे भर देतात. आम्हांस हा विचार नीतिदृष्ट्या फार मोलाचा वाटतो. मी गेले तर येथे काही धड होणार नाही, ही भावना प्रेमातून येते हे खरे. पण सहकाऱ्याच्या हातावर रुग्ण सोपवून निर्धास्त झोपी जाता येणे, यातही प्रेम आहे, आणि थोडा नम्रपणाही आहे.

अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी या देण्याघेण्यातून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले आणि यंत्रे अपुरी पडली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छेद देऊन तेथून रबरी पिशवीने हातांनी श्वास देण्याचा मार्ग दाखवला. हे काम दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे चालवायचे होते. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने खाटेशी बसून पिशवी दाबत राहिले, आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ उतरले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्या शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला. एकाच हाताने ती पिशवी किती काळ दाबली असती? आधीचा हात सुटण्यापूर्वी दुसरा हात तेथे आला, म्हणून ती माणसे जगली.

याहून आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. उत्तर कन्नडमधील हळदीपूर या, कोकणी कानांना परक्या नसलेल्या गावातून अरुणा शानबाग परिचारिका म्हणून मुंबईस आल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के. ई. एम. रुग्णालयात त्यांच्यावर झालेल्या पाशवी हल्ल्याने त्यांची जाणीव हरपली, ती पुन्हा परतली नाही. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. एवढ्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नोंदले गेले. या सेवेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही दोनच गोष्टींकडे लक्ष वेधू. पहिली ही, की ही सेवा एका कोणा देवीने केलेली नाही. परिचारिकांच्या पिढ्या आल्या, निवृत्त झाल्या, घरी गेल्या, झोपल्या. खाट मात्र एक दिवसही ओस पडली नाही. दुसरी ही, की हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला तेव्हा अरुणाताईंच्या योग्य उपचारांबरोबर स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारावी, अशीही त्यांची मागणी होती. रुग्णाची काळजी आणि स्वतःची काळजी या दोन गोष्टी त्यांनी परस्परविरोधी मानल्या नाहीत.

तेव्हा आमचे मत असे, की स्वतःची काळजी घेणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहेच. परंतु ते तिला पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे तिची सेवा घेणाऱ्यांवरचे ऋण आहे. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका, असे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिले होते. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजा यांत परिचारिकांची स्थिती इतर कामगारांहून कमी नसावी, असा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९७७ चा करार आहे. ही प्रमाणे पाळली जातात की नाही, हे विचारणे केवळ परिचारिकांच्या संघटनांचे काम नव्हे. उद्या ज्याचा बाप त्या खाटेवर असणार आहे त्या प्रत्येक नागरिकाचे आहे.

आणि काही गोष्टी तर कायद्याची वाटही न पाहता करण्याजोग्या आहेत. आयसीयूच्या दाराशी भीतीने आवाज चढतो. तो आत उभ्या असलेल्या मुलीवर चढू नये एवढा संयम आपण ठेवू शकतो. रात्रपाळी करून सकाळी घरी परतलेल्या सुनेकडून चहा, डबे आणि मुलांची शाळा यांची अपेक्षा आजही पुष्कळ घरांत केली जाते. त्या घरांत कोणीतरी तिच्या आधी उठावे, डबे भरावेत, आणि तिच्या खोलीचे दार हलक्या हाताने लोटून घ्यावे.